जरा वर उचलून

किल्ली देताना विनिफ्रेडबाई म्हणाल्या होत्या,
"नुसती फिरवू नकोस. आधी जरा वर उचल,
ओल्या बाळाची मान उचलतात तशी,
मग उजवीकडे."
सुईण होत्या त्या, कॉव्हेन्ट्रीच्या निम्म्या गल्ल्यांच्या.
गाडी एकोणसत्तरची हेराल्ड, ताकाच्या रंगाची.
पहिल्याच फटक्यात सुरू झाली
आणि मला वाटलं, मला जमतं.

तीन वर्षं उचलत आले.
मग या नोव्हेंबरात, फोल्सहिल रोडच्या सिग्नलला,
इंजिन गेलं. मागे बस.
वर उचलून पाहिलं, खाली दाबून पाहिलं,
किल्लीला मराठीत काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.
बसवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता.
सातव्यांदा लागली,
काही झालंच नाही अशी.

रविवार. गॅरेजमध्ये श्वास दिसतोय.
आधी बॅटरीची वायर सोडायची.
हे मी विसरत नाही; एकदा विसरले होते.
मग डॅशबोर्डखाली, पाठीवर,
छातीवर टॉर्च, पाय दाराबाहेर,
आणि हात अशा जागी जिथे डोळे पोचत नाहीत.

बत्तीस वर्षं लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या
टोपणाच्या रंगावरून ओळखल्या,
त्यामुळे वायरींशी लगेच जमलं.
तपकिरी: कायम जिवंत, किल्ली असो नसो.
पांढरी: किल्लीने जागी होणारी.
पांढरीवर लाल रेघ: एक शब्द बोलून गप्प.
चौथीचा रंगच उडालाय.
तिला चिकटपट्टीवर लिहून लावलं: कोण?

शेजारचे गुरमेलसिंग चहा घेऊन आले.
ऐंशी उलटलेत. कॅनलीच्या कारखान्यात होते, बंद पडेपर्यंत.
डॅशबोर्डच्या लाकडावरून बोट फिरवून म्हणाले,
"माझ्या शिफ्टची असू शकेल ही."
मग थोडं थांबून,
"शुक्रवारी दुपारची नसली म्हणजे मिळवली."

नव्या स्विचबरोबर नवी किल्ली आली होती, चकचकीत.
मला जुनीच हवी.
कुलपाच्या बाजूला एक बारीक भोक असतं,
त्यात काहीतरी टोचायचं.
गुरमेलसिंग खिळा शोधत राहिले.
मी बांगडीतली सेफ्टी पिन काढली
आणि कुलूप हातात आलं,
हललेली दाढ यावी तसं, थोडं दुखवून.

जुना स्विच टाकून देता आला असता.
मी त्याच्या पत्र्याचे कान उघडले.
आत पितळेची चकती, एक स्प्रिंग,
आणि तीन उंचवटे, त्यातला एक झिजून सपाट, काळा.
किल्ली फिरली की ठिणगी.
प्रत्येक ठिणगीमागे सुईच्या टोकाएवढा डाग.
रात्रीचे दोन, हिलफील्ड्समध्ये कुणालातरी कळा सुटलेल्या,
काचेवर बर्फ, बाई पिशवी मांडीवर घेऊन
किल्ली वर उचलताहेत.
त्यातल्या एखाद्या डागाएवढ्या उशिराने जन्मलेला
आज पन्नाशीला आला असेल,
बस चालवत असेल,
माझ्या मागे हॉर्न वाजवत असेल.

बॅटरी जोडली.
किल्ली फिरवली. लागली.
बंद करून पुन्हा. लागली.
गुरमेलसिंगांनी फिरवली, त्यांनाही लागली;
आता ती कुणाच्याही हाताला लागते,
सांगून जावं असं काही उरलं नाही.
सोमवारी कामाला निघताना पाहिलं,
माझं मनगट अजून वर उचलतंय,
मान सांभाळून.

चौथी वायर रेडिओची निघाली.
गाडीला रेडिओ कधीच नव्हता.
तरी जोडली.