होकाराच्या अलीकडे

किसुमू, सरोवराचा काठ, रात्रीचे दोन.
सर्व्हरच्या खोलीत मी आणि एक पंखा.
पडद्यावर आकडा : अकरा.
अकरा मिलिसेकंद लागतात
एका व्यवहाराला डिस्कवर टेकायला.
पापणीला याच्या दहापट लागतात,
तिला कुणी जाब विचारत नाही.
मला नैरोबीहून मुन्याओंचा फोन येतो :
"रांग लांबतेय, ओविती. बाकीचे तिनात उरकतात."

उरकणं सोपं आहे.
सेटिंगमधली एक ओळ बदलायची :
मेमरीत पडलं की हो म्हण,
डिस्कचं नंतर बघू.
मार्चमध्ये मी ती बदलली.
सतरा दिवस सगळं उडत होतं.
माझ्या नावाचा केकसुद्धा आला.

अठराव्या पहाटे, चार सतराला, वीज गेली.
जनरेटर घसा खाकरेपर्यंत
मेमरीतलं सगळं पुसलं गेलं होतं.
अर्धा सेकंद.
हिरव्या खुणेचे संदेश गेले एकतीस, इतकंच कळलं.
कुणाला, ते त्याच अर्ध्या सेकंदात होतं.
अहवालात मी लिहिलं : किरकोळ.

त्या किरकोळीतली एक अपोंडी,
दुंगाच्या धक्क्यावर मासे घेणारी.
एजंटच्या हातात बेचाळीसशे शिलिंग मोजून दिलेले,
फोनवर खूण : जमा.
खात्यात आदल्या रात्रीचाच आकडा.
ऑफिसात आली, फोन टेबलावर ठेवला.
ओरडली नाही. म्हणाली,
"हो म्हणालास, तेव्हा लिहिलं कुठे होतंस?"

सात वर्षं डेटाबेस सांभाळतोय,
इतका नेमका प्रश्न
एकाही मुलाखतीत कुणी विचारला नव्हता.

तिचे पैसे मिळाले.
नऊ जण आजवर आलेच नाहीत.

आता मी मटाटूवाल्यांचं ऐकतो.
कोंडेलेच्या नाक्यावर चौदा आसनांची व्हॅन
एकट्यासाठी निघत नाही.
कंडक्टर पत्र्यावर थापा मारत थांबतो, भरली की सुटतो.
तसे व्यवहार दोन मिलिसेकंद खोळंबतात,
मग सगळे एकाच खेपेत डिस्कवर.
पहिल्याला थोडा उशीर,
शेवटच्याला वाटतं, बरोबर वेळेवर आलो.
होकार मात्र सगळे उतरल्यावरच.

सगळंच काळ्या दगडावर कोरत बसत नाही.
शीतगृहाचं तापमान सेकंदासेकंदाला येतं,
ती पाण्यावरची रेघ राहिली तरी चालेल,
एखादी नोंद बुडाली म्हणून मासा नासत नाही.
कुठली रेघ कशावर ओढायची,
पगार मला याचाच मिळतो.

आणि डिस्कही थाप मारते कधीकधी,
टेकलं म्हणते, आणि स्वतःच्या खिशात ठेवते.
म्हणून महिन्यातल्या एका रविवारी
चाचणीच्या यंत्राची वायर मी भर लिहिताना उपटतो,
आणि मग एकेक मोजत बसतो.

आकडा आज तेरा. रांग आखूड.
मुन्याओ आकडाच बघतील.

काल धक्क्यावर अपोंडी दिसली.
फोन कमरेला, हातात वही.
बॉलपेन इतकं दाबून लिहिते
की पुढच्या तीन कोऱ्या पानांवर
आजचा हिशेब बोटाला लागतो.
एका नोंदीला अर्धं मिनिट.
गिऱ्हाईक थांबतं.