कडीला हात

गुरुवारी संध्याकाळी औलूतल्या एका धुलाईघराच्या तळघरात
आम्ही चौघं जमतो.
वर यंत्रं कुणाच्या तरी चादरी घुसळत असतात,
खाली वेलदोड्याचे पाव, कॉफी, फासे,
आणि एक राज्य, ज्याचा नकाशा मी
वाणसामानाच्या पिशवीवर काढलाय.
बाहेर उणे बावीस.

तीन महिने खपून मी युद्ध रचलं होतं.
वेढा, फितुरी, पुलावरचा घात,
कोण कधी पडणार ते वहीत, शाईनं.
राइली म्हणाली, माझी नावाडीण काही युद्धाला येत नाही,
तिच्या होडीला भोक पडलंय.
मी म्हटलं, अगं, शत्रू वेशीवर आलाय.
येऊ दे की, म्हणाली. डांबर आहे का कुणाकडे?

मग अख्खी संध्याकाळ आम्ही डांबर शोधलं.
साम्पसाच्या भुरट्या चोरानं ते चोरलं,
फासा उलटा पडला, तो पकडला गेला,
आणि डांबरवालीच्या प्रेमात पडला,
जिला मी त्याच क्षणी, पाव चावता चावता
घाईघाईनं जन्माला घातलं होतं.
माझं युद्ध वेशीबाहेर
हात चोळत थांबलं.

घरी मी कादंबऱ्या लिहिते.
तिथे मला विचारल्याशिवाय कुणाच्या होडीला भोक पडत नाही.
माणसं सांगितल्या वेळी येतात,
सांगितल्या ठिकाणी रडतात,
दोनशे बाराव्या पानावर मर म्हटलं
की मुकाट मरतात,
खिशातलं काही बाहेर काढून ठेवावं
एवढंही सुचत नाही त्यांना.
एका समीक्षकानं लिहिलं होतं, कथानक घट्ट.
घट्ट.
झाकण न उघडणाऱ्या बरणीसारखं.

पण यौकोचं सांगायला हवं.
कागद गिरणीतला यौको. वर्षभरात
चाळीसेक वाक्यं बोलला असेल,
त्यातली निम्मी ‘बहुतेक’.
फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी
त्याचा पहारेकरी किल्ल्याच्या मागच्या दारापाशी पोचला.
‘मी कडीला हात लावतो,’ यौको म्हणाला.
वरचं यंत्र थांबलं, नऊ वाजले,
बुटांच्या नाड्या बांधून तो निघाला.

पुढच्या गुरुवारी त्याची बहीण आली.
लोकरीच्या हातमोज्यात त्याचे फासे.
कॉफी नको म्हणाली.

आता कडीला हात लावून उभा असलेला तो माणूस
कुणाचा?
साम्पसा म्हणाला, वीरमरण देऊ.
मला एका ओळीत जमलं असतं, हाताला सवय आहे.
ओळ तयारही होती,
चांगली होती, खोटं कशाला बोलू.
राइलीनं मान हलवली,
‘तो यौकोचा आहे. राहू दे.’

तेव्हापासून कथा त्याला वळसा घालून जाते.
नावाडीण जाता येता त्याच्या पायाशी कंदील ठेवते,
चोर त्याच्याशी हवापाण्याचं बोलतो,
युद्ध झालं, अर्धंमुर्धं,
हरलो की जिंकलो यावर अजून वाद आहेत.
दारापलीकडे काय आहे ते माझ्या वहीत लिहिलंय.
ते पान मी उघडत नाही.

काल रात्री, नववं प्रकरण.
माझ्या नायिकेला सहा दहाची गाडी पकडायची आहे,
न पकडली तर पुढची दीडशे पानं कोसळतात.
फलाटापर्यंत आली. बॅग खाली ठेवली.
बाकावर बसून मोजे काढले
आणि पाय चोळत बसली.
मी गाडी थोडी थांबवून ठेवली.
मग सोडली.

‘पुढे?’ मी विचारलं.

अजून पाय चोळतेय.
माझ्याकडे बघतही नाही.