शेवटचं स्टेशन

ॲबरिस्टविथला रूळ संपतात.
पुढे दोन बफर, चार गल्ल्या, मग समुद्र.

चिप्सच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून
एलुनेड नकाशा पसरते काउंटरवर,
व्हिनेगरची बाटली ब्रसेल्सवर ठेवते,
कोपरा गुंडाळू नये म्हणून.

व्हेनिस महाग. खोडलं.
प्राग राहू दे, पण रात्रीच्या गाडीनं,
बसूनच; आडवं व्हायचे वेगळे पैसे.
एक रात्र रुळांवर काढली
की एका खाटेचं भाडं वाचतं
हे गणित तिनं चारदा मांडलंय
तेलकट पावतीच्या पाठीवर.

"आणि आंघोळ?" मी विचारते.
पेन चावत ती लिहिते:
आंघोळ, लुब्लियाना.

तिच्या वडिलांनी काल मासे सोलता सोलता
सहज विचारलं, परत कधी?
आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.
जायचे सगळे रकाने भरलेत,
यायचा रकाना
आखायचाच राहिला.

साडेनऊची गाडी येऊन थांबते.
कुणी छत्री झटकत उतरतं, कुणी सायकल उतरवतं,
दिवे तसेच जळत राहतात डब्यांत.

लहानपणापासून ही गाडी
आम्ही फक्त येतानाच पाहिली.

एलुनेड मान वर करते:
"ही रोज रिकामीच जाते ना गं, परत?"