नेस्टाने शिवलेले खिसे

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
चॅपेलमागच्या खोलीत आम्ही आठजण जमतो. पूर्वी नऊ.
बाहेर डोंगर, अर्धा पोखरलेला.
त्याच्या पाट्या कधीकाळी बोटीतून जगभरच्या शाळांत गेल्या,
चुरा तेवढा गावाच्या उशाशी राहिला.
आत एक हीटर, बिस्किटांचा डबा,
आणि हिरवं कापड ठोकलेलं टेबल, नाणं पडलं तर वाजू नये म्हणून.

मी सेक्रेटरी. एरवी बस चालवतो.
मंगळवारी इतिवृत्त लिहितो:
'तेगिदने रुमालाचा रंग बदलला. रुमाल पडला. परत बदलला.'
'सभेत कबूतर आणू नये. चार विरुद्ध तीन.
ह्यू तटस्थ, कबूतर त्याचंच असल्यामुळे.'
'गेरल्टने पत्ता ओळखला. पत्ता चुकीचा होता,
पण ओळखला छान.'

आमची अडचण अशी, की आम्हाला सगळं ठाऊक आहे.
कुणी उजवी मूठ पुढे केली
की आठही जण डावीकडे बघतात.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात,
आमच्यात तिचा भाव आधीच फुटलेला.
तरी टाळ्या देतो, सुतार सुताराच्या खणावरून
बोट फिरवतो, तशा.

नियम चौथा: गुपित बाहेर सांगू नये. बायकोलाही नाही.
पत्त्यांच्या कॅटवर हात ठेवून
प्रत्येकाने शपथ घेतली आहे.

आणि प्रत्येकाचा कोट इद्वालच्या घरी गेला आहे.
नेस्टा शिवणयंत्रापाशी, ओठांत टाचण्या.
'डाव्या बाहीत, कोपराच्या वर, अंडं मावेल एवढा.
का ते विचारायचं नाही हं.'
ती विचारायची नाही.
टाचण्यांसकट मान हलवायची,
आणि गुरुवारी कोट तयार.

मार्चमध्ये इद्वाल गेला.
जादूगार गेला की त्याची कांडी मोडायची रीत आहे.
मोडेना. प्लास्टिकची, चिवट.
अखेर ह्यूने दाराच्या फटीत धरून मोडली,
आणि नेस्टा, काळ्या हॅटखाली,
हसली असं मला वाटलं. लिहिलं नाही.

मे महिन्यात ती आली.
आम्हाला वाटलं, त्याची पेटी परत करायला.
हातात लाल कापडाची एक पिशवी फक्त.
उलटी केली, सुलटी केली,
हाताहातांतून फिरवली.
मी आतून बोटं फिरवली: शिवण, शिवण, तळ, शिवण.
मग तिने पर्समधून अंडं काढलं,
पिशवीत ठेवलं,
पिशवी टेबलावर आपटली.

आम्ही दुसऱ्या हाताकडे बघितलं.
दुसरा हात टेबलावर होता, उघडा,
अंगठी सैल झालेली, तर्जनीवर
सुयांनी पाडलेली बारीक जाळी.

'आँ?' कुणीतरी म्हणालं.
गेरल्ट. तीस वर्षं पोलिसात होता.
तीन वर्षांत त्या खोलीत
कुणी 'आँ' म्हटलं नव्हतं.

'गेलं कुठे?' तेगिदने विचारलं,
वयाची एकाहत्तर विसरून.
नेस्टाने पिशवीची घडी घातली. एक, दोन, चार.
'नियम चौथा,' म्हणाली,
आणि एक बिस्कीट घेऊन घरी गेली.

त्या दिवसाच्या इतिवृत्तात
एवढंच आहे: 'अंडं.'
पुढे काय लिहावं ते सुचलं नाही,
डब्यातली बिस्किटं मोजली, ती लिहिली.

रात्री कोट टांगताना
बाहीत हात घातला, उगीच.
कोपराच्या वर माझा खिसा, सतरा वर्षांचा.
आणि त्याच्यामागे, अस्तराच्याच दोऱ्याने,
इतक्या बारीक टाक्यांनी की बोटालाही उशिरा कळावं,
अजून एक.

दोरा जुना होता.
खिसा रिकामा.
रिकामाच असावा.
मी दोनदा बघितलं.