चोडणच्या धक्क्यावरची पाटी

नरकासुर जाळून झाले त्या आठवड्यात
साहेबांनी एक काळी पाटी दिली, खडूचा डबा दिला.
म्हणाले, सत्यवान, गाड्या मोज, खेपा मोज,
शेवटच्याला किती वेळ लागेल ते लिही.
लोक उगीच हॉर्न वाजवतात.

त्याआधी माझ्याकडे एकच उत्तर होतं: आता येईल.
आता म्हणजे पाच मिनिटं, आता म्हणजे पाऊण तास.
लोक नदीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत.
शिव्या बहुतेक मला, उरलेल्या सरकारला.

पहिल्या दिवशी लिहिलं: ४०.
रांगेच्या शेपटाकडचे तिघे वळले,
मयेवरून लांबच्या वाटेनं गेले.
चौथ्यानं सीट मागे पाडून डोळे मिटले.
बाकीचे टपरीवर, मिरची भजी, कपातला चहा.
इतकं शांत झालं
की खारफुटीच्या मुळांत पाणी चुबुकचुबुक करतं
हे अकरा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

पण तिघे गेले तर एक खेप वाचली, चाळीसाचे पंचवीस झाले.
पंचवीस लिहिले
तर मयेकडे निघालेली पुढची गाडी थबकते, रांगेत शिरते,
तिच्यामागे आणखी दोन,
आणि पुन्हा चाळीस.
आकडा लिहिला की आकडा हलतो.
शाळेत असलं गणित नव्हतं.
असलंच तर त्या दिवशी मी कुर्ल्या धरायला गेलो असणार.

एकदा बोट आली तर पुढच्या सहा गाड्यांत माणूसच नाही.
सगळे टपरीत, माझ्या खडूवर भरवसा ठेवून.
अर्धी रिकामी बोट गेली.
वरून बोस्त्यांव खलाशी ओरडला,
"पुसून उडय रे ती पाटी!"

तेव्हापासून शेवटची दहा मिनिटं मी लिहीत नाही.
आकडा पुसतो, लिहितो: आता येईल.
लोक चहा अर्धा टाकून धावत येतात.
साहेबांना हे सांगितलेलं नाही.

लुइजिन्हामावशी चालत येते, तिला रांग नाही.
आठवड्यातून तीनदा, नवऱ्याच्या डायलिसिससाठी, बांबोळीला.
तो पहाटेच भाच्याच्या गाडीतून पुढे जातो, ही डबा घेऊन मागून.
तरी पाटीसमोर थांबते, चष्मा पुसते.
म्हणाली, तिथे भिंतीवर टीव्ही आहे, नंबर दाखवतो.
सत्तावीस झाला की एकदम एकतीस.
मधले तिघे कंटाळून गेले
की कुठे गेले,
ते टीव्ही सांगत नाही.

मी खडू हातातच धरून उभा.

"किती रे आज?"
"बारा, मावशी."
"खरे बारा?"
"खरे."
तिनं पिशवीतून पोयी काढली, मधोमध तोडली,
अर्धी माझ्यापुढे धरली.
"मग खाऊन घेऊ."