पाहण्यासारखं काय आहे

नाशिकहून आलेली शमिका विचारते,
मावशी, अमळनेरात पाहण्यासारखं काय आहे?
गळ्यात कॅमेरा, हातात टेप,
वहीत चौकटींचे कागद.

मी तिला आधी नाल्यावर नेलं.
हसू नकोस, म्हटलं. इथून गरम पाणी यायचं,
बॉयलरचं, फुकट, चार वाजेनंतर.
आख्ख्या चाळीची पोरं इथे धुऊन निघाली.
जानेवारीत वाफ एवढी
की कोणी कोणाचं पोर घरी नेलं
ते दिवा लावल्यावर कळायचं.
तिने नाल्याची रुंदी मोजली.
तीन फूट दोन इंच.

मग चिमणी. तिच्यावर आता घार बसते.

हजेरीची खिडकी विटांनी बुजवलीय,
पण खालचा दगड बघ,
कोपरं टेकून टेकून पडलेले दोन खळगे.
उजवा जास्त खोल.
तो उखर्डूदादाचा, असं सगळे म्हणायचे.
रोज उशीर, आणि रोज नवी थाप.
एकदा तर म्हणाला, बोरी आडवी आली.
मे महिना होता.

रिंग खात्याला छप्पर नाही.
आत रुईची झाडं माजलीत,
फळं तडकून पांढरं पांढरं उडतं,
कोणी वेचत नाही, कोणी कातत नाही.
तेवढंच खातं अजून तिन्ही पाळ्यांत चालू,
मुकादमाशिवाय.

शमिका म्हणाली, इथल्या मशिनी विलायतेच्या होत्या ना?
त्यांच्यावर पाटी असायची, ओतीव लोखंडाची.
एखादी मिळाली असती तर.

मी म्हटलं, ऊन चढलंय. चल, चहा घे.

माझा बाप, सुपडू, त्या मशिनीला तेल द्यायचा.
डबा पोचवायला गेले की मला कडेवर घेऊन
लोखंडातून फुगून आलेली अक्षरं दाखवायचा.
शाळेत सगळ्यांना आधी ए आला,
मला ओ.
मग एल, मग डी, बोटाने, तेलकट.
काय लिहिलंय, विचारलं,
तर फडकं फिरवत म्हणाला,
‘नाव शे तिन्हं. वाचानं नही, पुसानं.’

गिरणी बंद पडली. भंगारवाले
तीन पावसाळे मशिनी ओढत होते.
एका रात्री बाप गोणपाटात काहीतरी बांधून आला.
जन्मात केलेली एकच चोरी,
तीही सायकलवर न पेलणारी.
आठ दिवस त्याची कंबर शेकत होते मी.

शमिकाने हात धुवायला रांजणावरचा तांब्या उचलला
आणि खालचं फडकं सरकलं.

बराच वेळ ती बोलली नाही.
मग कागद अंथरला, पेन्सिल आडवी धरून
हलक्या हाताने घासत गेली.
ओ आला, एल आला.
डीच्या पोटात गेल्या दसऱ्याची हळद होती,
ती कागदाला लागली, पिवळी.

मावशी, हे मशिनीचं नाव नाही,
गाव आहे. ओल्डहॅम. इंग्लंडात.

म्हणजे एवढी वर्षं
आम्ही एका गावाला हळदकुंकू लावत होतो,
आणि त्या गावाला पत्ता नाही.

तिथल्याही गिरण्या बंद पडल्या म्हणे, ती म्हणाली.
मी विचारलं, तिथल्या नाल्याला
गरम पाणी यायचं का ग?
तिला माहीत नव्हतं.
तिने वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा.

निघताना दारात घुटमळली.
ही पाटी काचेत ठेवू, मावशी, खाली बाबांचं नाव लिहू.
बापाचं नाव इंग्रजीत कसं दिसेल,
क्षणभर मीही पाहून घेतलं.
मग तांब्या विसळला, फडकं पिळून पसरलं.

कागद ने, म्हटलं.
रांजण उघडा राहिला
तर पाल पडते.