बारीक अक्षरांचं बटण

संकेश्वरात बसस्टँडमागं, बॅटऱ्या भरून देणाऱ्याच्या माडीवर
महादेवी कमतगी बाईंचा क्लास होता.
सहा मशिनी, त्यातल्या दोन कायमच्या आजारी.
बाईंची मराठी कानडीच्या उतारावरून यायची,
स्त्रीलिंग-पुल्लिंग वाटेतच सांडायचं:
"तो मशीन रुसला तर त्याला मारायचा नाही, जिनाप्पा."

प्रिंट स्क्रीनच्या बटणावर, खालच्या अंगाला,
मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत आणखी एक नाव असतं.
कुणी वाचत नाही. बाईंनी वाचायला लावलं.
"हा मागच्या दाराचा कडी.
पुढचा दार अडकला की इकडून आत जायचा."
ऑल्ट धरायचं, हे धरायचं,
मग सहा अक्षरं, आरपासून बीपर्यंत, एकेक.
प्रत्येक अक्षरानंतर बाई म्हणायच्या, तडी.
तडी म्हणजे थांब.
पण थांब म्हटलं की माणूस नुसता उभा राहतो,
तडी म्हटलं की श्वास घेतो.

पुढं मी चिकोडीकडच्या कारखान्यात काट्यावर लागलो.
डिसेंबरची रात्रपाळी. ट्रॅक्टरांची रांग पार हायवेपर्यंत,
मळीचा वास चहातसुद्धा.
पावणेतीनला पडदा गोठला.
माऊस मेला. आकड्याच्या जागी नुसती रेघ.
मागनं हॉर्न, खिडकीत चार डोकी:
"वायर उपस की!"
"ह्येला काय येतंय?"
वायर उपसली असती तर संध्याकाळपासूनची वजनं गेली असती,
किंवा नसती गेली. तेच तर माहीत नसतं.

धरलं.
आर. पडद्याच्या हातून कीबोर्ड काढून घेतला.
तडी.
ई. सगळ्यांना सांगितलं, आवरा आता.
तडी.
आय. ज्यांनी ऐकलं नाही त्यांना मीच आवरलं.
एस. हातात आहे ते सगळं उतरवून ठेव.
इथं बाई दुप्पट थांबायच्या. मीही थांबलो.
भीमगोंडा, ज्याचा ट्रॅक्टर काट्यावर होता,
गज धरून माझ्याबरोबर थांबला.
त्याला वाटलं, मी णमोकार म्हणतोय.
यू. दारं लाव. बी.

काळोख.

आणि आलं परत. आधीच्या पावतीपर्यंत सगळं शाबूत.
त्याचं तेवढं वजन पुन्हा केलं.
अठरा टन दोनशे चाळीस.
"मघाशीबी तेवढंच व्हतं," भीमगोंडा म्हणाला.
मघाशी आकडा उमटलाच नव्हता.

दुसरी किल्ली सोपी. ती बाईंनी जाता जाता दिली:
"खुर्चीतून उठताना लावायचा.
कोण मागं उभा राहिला तर बसूनच लावायचा."
फेब्रुवारीत एकजण मागं उभा राहिला.
इस्त्रीचा शर्ट, अत्तर, एवढ्या मळीतसुद्धा अत्तर.
"ह्या पावतीला सोळा कर."
माझा अंगठा खिडकीच्या चित्रावर गेला, बोट एलवर.
पडदा निळा झाला.
"उघड की."
"पासवर्ड आठवंना."
तो थांबला. मी थांबलो.
बाहेर कुणाची तरी मोळी घसरली.
मग अत्तर गेलं.
आठवड्यानं माझी पाळी बदलली, बस, एवढंच.

आता दिवसपाळी आहे.
कीबोर्डवरचा ए पुसलाय, एन पुसलाय,
स्पेसबारला अंगठ्याचा खळगा पडलाय.
ते एक बटण मात्र कोरं,
बारीक अक्षरंसुद्धा वाचता येतात.
सोमवारी त्याच्यावरचा भुसा फुंकतो.
दाबत नाही.